नमुन्यादाखल आमची मुलगी

पालकसभेत मी आजवर एकदाच बोललो आहे आणि तेही एकच वाक्य. खरं तर मी ते सभेत बोललोच नव्हतो. शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या कानात हळूच म्हणालो होतो, की आठवीच्या मुलांनी बालवर्गातल्या पोरांना गोष्टी वाचून दाखवल्या तर दोघांचंही वाचन सुधारेल. पण नेमका त्याच क्षणी घरघरणारा पंखा बंद पडला आणि माझी कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू गेली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"फार छान कल्पना आहे. समितीचे अध्यक्ष तुम्हीच व्हा."

"समितीत आणखी कोण कोण आहे?" मी विचारलं.

"ते अध्यक्ष ठरवतील," बाई म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारे होते ते माझ्या शेजारचे गृहस्थ. त्यांना समितीत घ्यायचं मी मनाशी ठरवेपर्यंत ते चप्पल घालून जिना उतरले होते. समितीत शेवटपर्यंत मी एकटाच राहिलो. मला बसलेला हा पहिला धक्का, पण पुढे इतके बसले की हा मी आता धक्क्यांत धरत नाही.

घरी आल्यावर दुसरा बसला. आमची मुलगी आठवीत आहे. बाप शाळेत काहीतरी करणार म्हटल्यावर त्या वयाची मुलं तोंड लपवतात, असा माझा अनुभव. पण ती हरखली. जेवण झाल्यावर आतल्या खोलीतून अस्वलाचा आवाज येऊ लागला. मी दचकून डोकावलो, तर ती आरशासमोर उभी राहून लहान मुलांचं पुस्तक वाचत होती. अस्वलाला जाड आवाज, उंदराला बारीक आवाज, आणि म्हातारीसाठी तिने माझ्या आत्याचा आवाज घेतला होता.

"बाबा, मला कोण मिळेल? मला एकदम छोटं कुणीतरी द्या ना."

"अध्यक्षाची मुलगी म्हणून तुला वेगळी वागणूक मिळणार नाही," मी गंभीरपणे म्हणालो. वेगळी वागणूक मीच तिला देणार होतो आणि तीही कशी, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच रात्री राजीनामा दिला असता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या हेडक्लार्ककडे गेलो. शाळा आणि बालवर्ग एकाच इमारतीत आहेत. मधे एक दार आहे आणि त्याला कुलूप आहे. माझी अपेक्षा इतकीच होती, की आठवड्यातून एकदा त्यांनी ते कुलूप उघडावं.

"दार उघडता येणार नाही," हेडक्लार्क म्हणाले. "कागदोपत्री तिथे भिंत आहे."

"पण दार दिसतंय."

"दिसायला आहे. संस्था दोन, परवाने दोन. नकाशात भिंत दाखवली आहे. भिंतीतून मुलं कशी नेणार तुम्ही?"

मी म्हणालो, मग आठवीची मुलं शाळेच्या फाटकातून बाहेर पडतील, रस्त्याने चालतील आणि बालवर्गाच्या फाटकातून आत येतील. साठ पावलं होती. मी स्वतः मोजली होती.

"फाटकाबाहेर विद्यार्थी गेले म्हणजे सहल," ते म्हणाले आणि त्यांनी खणातून सहलीचा अर्ज काढला. प्रत्येक पालकाची संमती, प्रथमोपचार पेटी, शिट्टी, पिण्याचं पाणी, दर दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि वाहनाचा क्रमांक. मी वाहनाच्या रकान्यात 'पायी' असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं. क्रमांक हवाच म्हणाले. शेवटी मी माझ्या स्कूटरचा क्रमांक दिला आणि एकेचाळीस मुलं माझ्या स्कूटरवरून सहलीला जाणार असल्याची नोंद सरकारदरबारी झाली. हेडक्लार्कना त्यात काहीच वावगं वाटलं नाही, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं.

आता प्रश्न होता जोड्या लावण्याचा. आठवीत एकेचाळीस मुलं, बालवर्गातही एकेचाळीस. हजेरीच्या क्रमाने लावल्या असत्या तर दहा मिनिटांत काम उरकलं असतं आणि ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण आमच्या इमारतीत एखाद्याला काम लागलं की सगळे मजले मदतीला धावतात. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रिलमास्तर म्हणाले, उंचीप्रमाणे लावा, सर्वांत उंचाला सर्वांत बुटका, म्हणजे रांग छान दिसते. समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, ज्यांचे दुधाचे दात पडलेत ती पोरं वेगळी काढा, त्यांचं बोलणं मोठ्यांना कळणार नाही. आणि वरच्या मजल्यावर काकू राहतात. काकूंनी तीस वर्षं लग्नं जमवली आहेत. त्यांनी माझ्या हातातला चहा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, जोडी म्हणजे काय गंमत आहे का? आधी दोन्हीकडची माहिती मागव. आणि अपेक्षांचा रकाना ठेव. अपेक्षा आधी विचारल्या नाहीत की नंतर माणसं माझ्या नावाने खडे फोडतात."

माहिती मागवायची म्हणजे फॉर्म. आणि फॉर्म म्हटलं की माझ्या अंगात बळ येतं. मी विमा कंपनीच्या कचेरीत, दाव्यांच्या विभागात आहे. गेली बावीस वर्षं मी लोकांचे दावे नामंजूर करत आलो आहे आणि त्यातले निम्मे एकाच कारणासाठी, फॉर्म भरताना माणसाने काहीतरी लपवलेलं असतं. छातीत दुखतं हे सांगत नाहीत, छप्पर गळतं हे सांगत नाहीत. मग आमच्यासमोर येऊन रडतात. माहीत असलेलं सगळं आधीच सांगून टाकावं, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक होत नाही, या एका तत्त्वावर मी माझा संसार, नोकरी आणि पचनसंस्था चालवली आहे.

तेव्हा मी फॉर्म केला; आठवीच्या मुलांचे फॉर्म वाचून बालवर्गाच्या पालकांनी जोडी निवडायची, असं ठरवलं. नाव, इयत्ता, वाचनाची गती, आवडीची पुस्तकं. काकूंचा अपेक्षांचा रकाना घातला. आणि कचेरीच्या सवयीने शेवटी एक घातला, 'माहीत असलेले दोष'.

लोकांना फॉर्म भरता येत नाहीत, हा बावीस वर्षांचा दुसरा अनुभव. म्हणून एक भरलेला नमुना सोबत जोडायचा असं ठरवलं. नमुन्याला दुसऱ्याच्या मुलाची माहिती कशी घेणार? मी आमच्या मुलीची घेतली आणि आदर्श म्हणून दाखवायचा होता, त्यामुळे एक अक्षर लपवलं नाही.

दोषांचा रकाना पुरला नाही, मागच्या बाजूला जावं लागलं. नखं खाते. रागावल्यास दोन दिवस बोलत नाही (चौकशीअंती तीन). कंटाळा आला की पुस्तकातली पानं गाळते. दुसरीत असताना शेजाऱ्यांच्या मांजराला हिरवा रंग लावला होता, सदर प्रकरण मिटलेले आहे. दिवा चालू असल्याशिवाय अद्याप झोपत नाही.

झेरॉक्सवाल्याने यंत्रावर कागद ठेवता ठेवता तो वाचला.

"साहेब, मुलगी तुमचीच का?"

"हो."

"नव्वद कॉप्या?"

"ब्याऐंशी घरं आणि आठ जादा."

तो थोडा वेळ घुटमळला. "शेवटची ओळ झाकून काढू का? वर कागदाची पट्टी ठेवली की दिसत नाही."

मी त्याला विम्यातलं पूर्ण विश्वासाचं तत्त्व दहा मिनिटं समजावून सांगितलं. मागे रांग लागली होती. रांगेतल्या बाईंनी मान डोलावली, म्हणून मी त्यांनाही एक प्रत दिली. आज मला त्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडावासा वाटतो.

शुक्रवारी फॉर्म घरोघरी गेले. शनिवारी संध्याकाळी दारावर एक आजोबा. बालवर्गातल्या नातीचे आजोबा, कडक इस्त्री, हातात छत्री. सहज आलो म्हणाले. सहज बसले, सहज पाणी प्यायले, आणि म्हणाले, "मुलीला बोलवा जरा. वाचून दाखवेल का दोन ओळी?"

मुलगी आली. तिने अस्वलाचा आवाज काढला. इतका सुंदर काढला, की मलाच कौतुक वाटलं. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं, मग घरातला पंखा, पडदे आणि तिची नखं पाहिली आणि उठता उठता म्हणाले, "कळवतो."

ते गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, आवडलं ना त्यांना?"

मी म्हणालो, कळवतो म्हणालेत. काकू जिन्यातून वर जात होत्या, त्यांनी ऐकलं आणि थांबल्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर तीस वर्षांच्या अनुभवाची होती. रविवारी आणखी चौघांनी 'कळवतो' असं कळवलं. एका बाईंनी तर फोनवर विचारलं, "मांजराचं प्रकरण नक्की मिटलं ना?" मुलगी दर वेळी फोनजवळ घुटमळायची आणि माझा चेहरा बघून आत जायची. तिला कारण माहीत नव्हतं. मला होतं, आणि तरीही मला वाटत होतं, की इतर चाळीस फॉर्म आले की सगळं समपातळीवर येईल. कुणात दोष नसतात?

सोमवारी चाळीस फॉर्म आले आणि मी कचेरीतच मट्कन खाली बसलो. चाळीस मुलांत मिळून एकही दोष नव्हता. 'दोष: नाहीत' असे सव्वीस. 'दोष: फार मेहनत घेतो', 'दोष: कमालीचा प्रामाणिक', 'दोष: दुसऱ्याचं दुःख बघवत नाही' असे तेरा. एकाच्या आईने 'दोष: वडिलांवर गेला आहे' असं लिहून ते खोडलं होतं. ज्या पोराने गेल्या वर्षी प्रयोगशाळेतला सांगाडा फाटकावर उभा केला होता, तो या फॉर्मप्रमाणे 'लाजाळू' होता. आमच्या कचेरीत असे फॉर्म आले असते तर मी एकूण एक फेटाळले असते. बालवर्गाच्या पालकांच्या अपेक्षाही आल्या होत्या. सर्दी नसावी, फार उंच नको, घरात कुणीतरी डॉक्टर असल्यास उत्तम.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलगी शाळेतून आली. दप्तर उतरवलं नाही. माझ्यासमोर टेबलावर तिने एक छोटी बॅटरी ठेवली, तीच ती, अंधारात रस्ता दाखवणारी. चालू होती.

"माझ्या बाकावर ठेवली होती," ती म्हणाली. "सगळा वर्ग हसत होता. फळ्यावर मांजर काढलं होतं. हिरवं."

मी बॅटरी बंद केली.

"बाबा, हे तुम्हाला विचारलं कुणी होतं?"

यावर कुठल्याही शहाण्या बापाने काहीही उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. माझ्या तोंडून जे खरं होतं ते निघालं. "रकाना होता," मी म्हणालो.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दाराबाहेर मी किती वेळ उभा होतो ते मला आठवत नाही. मला लाज वाटत होती. कचेरीत माणसं माझ्यासमोर रडायची तेव्हा मी त्यांना कलम दाखवायचो. आता मला कुणीतरी कलम दाखवावं असं वाटत होतं, पण या प्रकाराला कलम नव्हतं.

बायकोला बातमी काकूंकडून कळली. ती नमुना हातात घेऊनच खाली आली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नमुन्यादाखल."

"आणि माझ्याबद्दल काही लिहिलंय का?"

"तुझा रकाना नव्हता."

"उपकार झाले," ती म्हणाली. त्या दिवसापासून घरात मला वाढलं जायचं, पण विचारलं जायचं नाही.

मुलगी तीन दिवसांनी बोलेल असं मी धरून चाललो होतो. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. आतल्या खोलीतून अस्वलाचा आवाज येणं बंद झालं होतं. पुस्तक कपाटावर पालथं पडलेलं होतं. ती आईशी बोलायची, फोनवर बोलायची, पण मी खोलीत आलो की वाक्य अर्ध्यावर सोडायची. माझ्या चौकशीतली माहिती चुकीची निघाली होती आणि ती दुरुस्त करून घ्यायला मी कुणाकडे जाणार होतो?

मग मी माणसाने करू नये ते केलं. नमुने परत गोळा करायला निघालो. ब्याऐंशी घरं. बेल वाजवायची, नमस्कार करायचा, म्हणायचं, तो नमुना परत द्या, त्यात थोडी चूक आहे. लोक विचारायचे, कसली चूक? आणि शोधून काढायचे. ज्यांनी तो कागद बघितलाही नव्हता, थेट रद्दीत टाकला होता, त्यांनी रद्दी उपसून तो काढला आणि माझ्यासमोर उभ्याने, मोठ्याने, सासूबाईंना बोलावून वाचला. एका घरात त्याची होडी झाली होती, ती उलगडून वाचली. एका गृहस्थांनी तर, "छे, चूक कुठेय, सगळं बरोबरच असणार," असं म्हणून मला धीर दिला. रविवारपर्यंत मी सदतीस प्रती परत मिळवल्या आणि गावात तो नमुना वाचलेल्यांची संख्या माझ्या हिशोबाने दुप्पट केली. अजूनही त्र्याहत्तराव्या घरी मी नेमका कशासाठी गेलो होतो हे मला उमगत नाही.

काकू म्हणाल्या, "आता थांब. चार दारांहून नकार घेऊन फिरलेलं स्थळ जितकं झाकावं तितकं जास्त फिरतं. कुणीतरी एक येतं. एकच लागतं."

बॅटरीनंतर दहाव्या दिवशी ते कुणीतरी आलं. गुरुवारी संध्याकाळी, इस्पितळातल्या परिचारिकेच्या पांढऱ्या कपड्यांत एक बाई दारात उभ्या होत्या. थकलेल्या दिसत होत्या. त्या बालवर्गातल्या मुंगळ्याच्या आई. मुंगळा हे त्याला बालवर्गात पडलेलं नाव. जिथे चिकटतो तिथून सुटत नाही आणि सोडवायला गेलं की चावतो.

"माझी पाळी बदलत होती, यायला उशीर झाला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या जोड्या लागल्यात म्हणे. चार शिल्लक आहेत. त्यात तुमची मुलगी आहे ना? मला ती हवी."

आपल्याला हवं तेच कुणी मागायला आलं की माणूस वेड्यासारखं बोलतो. मी म्हणालो, "तुम्ही नमुना वाचला नाहीत का?"

स्वयंपाकघरात बायकोने कपाळाला हात लावल्याचा आवाज मला ऐकू आला.

"तो वाचला म्हणून तर आले. शाळेत ठेवलेले एकेचाळीस फॉर्म वाचले मी. चाळीस मुलांना एकही दोष नाही. असल्या मुलांच्या हाती पोर द्यायची मला भीती वाटते. काय निघेल सांगता येत नाही. हिचं काय ते मला माहीत आहे."

बावीस वर्षं मी ज्यासाठी भांडत आलो ते त्या बाई माझ्याच घरात उभ्या राहून बोलत होत्या. मी छाती पुढे काढून आतल्या खोलीकडे पाहिलं. मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा जराही बदललेला नव्हता.

"मी येणार नाही," ती त्यांना म्हणाली.

बाईंनी बॅग खाली ठेवली. "बरं. नको तर नको. पण त्याचंही तू ऐकून घे, म्हणजे बरोबरी होईल. तो चावतो. चड्डीत करतो. पुस्तक फेकून देतो. आणि नवी माणसं बघितली की..." त्या थांबल्या. त्यांनी खिशातलं पेन काढलं. "तुमचा फॉर्म आहे का एखादा? मी लिहूनच देते. तुझं सगळ्यांनी वाचलं, त्याचंही वाचू दे."

मी फॉर्म आणायला वळलो. सवय होती.

"नको," मुलगी म्हणाली. ती इतक्या पटकन पुढे आली की दप्तराला अडखळली. तिने त्यांच्या हातातलं पेन धरलं. "लिहू नका. त्याचं काहीच लिहू नका. मी येते."

फॉर्म हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. गेल्या पंधरा दिवसांतला सर्वांत मोठा धक्का कुठला, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. ती तेरा वर्षांची आहे. मला जे कळलं नव्हतं ते तिला कळलं होतं, आणि तेही माझ्यामुळे.

शनिवारी सहल निघाली. सहल म्हणजे साठ पावलं, पण अर्जात जे लिहिलं होतं ते सगळं करावं लागलं. पुढे शिट्टी, मधे पाण्याची दोन पिंपं, मागे प्रथमोपचार पेटी घेऊन मी, आणि माझ्या मागे, क्रमांक नोंदलेला असल्यामुळे, शिपायाने ढकलत आणलेली माझी स्कूटर. आमच्या इमारतीतली माणसं निरोप द्यायला फुटपाथवर उभी होती. ड्रिलमास्तरांनी रांग उंचीप्रमाणे नसल्याचं मोठ्याने सांगितलं. मुलगी रांगेत एकटीच चालत होती. तिच्या पुढेमागे जरा अंतर राहिलं होतं, तेवढं प्रत्येकाला दिसेल इतकं.

बालवर्गाच्या फाटकाला मुंगळा चिकटला होता. दोन्ही हातांनी गज धरलेले. आई कामावर गेली होती आणि तो आत जायला तयार नव्हता. फाटक उघडल्याशिवाय सहल आत जाईना. अध्यक्ष म्हणून मी पुढे झालो, प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो मला चावला. मनापासून चावला. ती प्रथमोपचार पेटी त्या दिवशी फक्त माझ्यासाठी उघडली गेली. हेडक्लार्कनी तिथल्या तिथे 'अपघात: एक' अशी नोंद केली. माझ्या बोटाला पट्टी बांधून होईपर्यंत फाटक रिकामं झालं होतं. मुंगळा कसा सुटला, कुणी सोडवला, मला दिसलं नाही. आत पाहिलं तर एका टेबलाखाली तो बसला होता आणि टेबलाबाहेर माझ्या मुलीचे बूट दिसत होते. ती पुस्तक घेऊन टेबलाखाली शिरली होती.

जोड्या बसल्या. आणि मग मोठ्या बाई माझ्याकडे आल्या. एका आठवीतल्या मुलाला ताप आला होता आणि त्याच्या वाट्याची फुगीर गालांची एक चिमुरडी चटईवर वाट पाहत होती.

"तुम्हीच बसा," बाई म्हणाल्या. "कल्पना तुमचीच आहे."

मी छोट्या खुर्चीवर बसलो. चिमुरडीने माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, "तू कितवीत आहेस?"

"मी नोकरी करतो," मी म्हणालो आणि पुस्तक उघडलं. चिमणीची गोष्ट होती. मी वाचू लागलो. मला वाटत होतं मी ठीक वाचतो आहे, पण दुसऱ्याच पानावर माझ्या लक्षात आलं, की माझा आवाज विम्याच्या अटी वाचतानाचा आहे. चिमणी उडाली, असं मी अशा सुरात म्हटलं, की ती उडाल्याची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही. मी उंदराचा आवाज काढायचा प्रयत्न केला. शेजारच्या चटईवरचं एक पोर रडायला लागलं.

"हा नको," चिमुरडी शांतपणे म्हणाली. ओरडली नाही, चिडली नाही. सर्व पालक, सर्व शिक्षक आणि हेडक्लार्क यांच्यासमोर तिने मला नाकारलं, उठली, सरळ त्या टेबलाकडे गेली आणि खाली वाकून आत शिरली. मी मागोमाग उठलो, तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर उठली. ती काढण्यात थोडा वेळ गेला. सगळे बघत होते. नाकारलं जाणं कसं असतं हे मला त्या खुर्चीने पुरेपूर समजावलं आणि मनात आलं, आमच्या मुलीने तर हे पाच वेळा सोसलं आणि दर वेळी फोन वाजला की परत उठली.

मी टेबलापाशी जाऊन जमिनीवर बसलो. आतून चिमुरडीचा आवाज आला, "तो बघ तो आला. कोण आहे तो?"

तिने 'माहीत नाही' असं म्हटलं असतं तरी मी समजून घेतलं असतं, खोटं सांगतो, मला ते सहन झालं नसतं.

"माझे बाबा आहेत," मुलगी म्हणाली. बारा दिवसांनी मी तिचा आवाज माझ्या संदर्भात ऐकला. "त्यांना अजून नीट वाचता येत नाही. बसू दे त्यांना. ऐकून ऐकून येईल."

मी बसलो. ऐकलं. अस्वल आलं, उंदीर आला, आत्या आली. चिमुरडी हसत होती. मुंगळा हसत नव्हता, तो तिच्या बाहीला चिकटला होता. मग गोष्ट मधेच थांबली. त्याने तिला काहीतरी विचारलं, अगदी हळू, आणि ती त्याच्या कानाशी वाकली आणि तिने उत्तर दिलं. टेबलाचं फळकूट पातळ होतं आणि मी त्याला टेकून बसलो होतो. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

सोमवारी हेडक्लार्कनी सहलीचा अहवाल मागितला. जोडीवार निरीक्षण लिहायचं होतं, एकेचाळीस रकाने. मी पहिले सोळा भरले. सतराव्यापाशी पेन थांबलं. इथे होती आमची मुलगी आणि मुंगळा यांची जोडी. मी तिथे एक रेघ ओढली.

"इथे काही लिहिलं नाहीत," हेडक्लार्क म्हणाले.

"काही नव्हतं."

"तुम्ही तर टेबलाला टेकूनच होतात. मी पाहिलं ना."

"होतो," मी म्हणालो. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. बायकोनेही नंतर विचारलं, काकूंनी तर दोनदा विचारलं. टेबलाखाली तिने त्या पोराला काय सांगितलं ते मला पाठ आहे, आणि मी ते तुम्हालाही सांगणार नाही.